पहिल्या कडव्याला ड्रम वाजत नाही

आमच्या गावच्या लग्नांत विहिरीचे पाणी आणताना जे गाणे वाजते, त्याच्या जन्माच्या तीन कथा सध्या प्रचलित आहेत आणि तिन्ही खोट्या आहेत. हे मी आरंभीच सांगून टाकतो; ज्यांना त्या कथाच प्रिय असतील त्यांनी पुढे वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत.

पहिली कथा अशी की, बोटीवर नोकरीला असलेल्या आमच्या एका शेजाऱ्याने भर समुद्रात, बायकोच्या आठवणीने व्याकूळ होऊन हे गाणे रचले. त्या गृहस्थांना मी उत्तम ओळखत होतो. ते व्याकूळ होत ते फक्त सुक्या बोंबलांसाठी. दुसरी कथा म्हणजे कोण्या फादरांनी ते गोव्याहून आणले. कोणते फादर, हे सांगणाऱ्यांतल्या एकालाही ठाऊक नाही. तिसरी कथा सर्वांत लोकप्रिय आहे, कारण तिच्यात हसायला मिळते. या गाण्याचे पहिले कडवे क्लॅरिनेट एकटेच वाजवते आणि ड्रम दुसऱ्या कडव्यापासून येतो. असे का, तर म्हणे मूळ प्रसंगी ड्रमवाला दारू पिऊन विहिरीच्या कठड्यावर झोपी गेला होता आणि तो धावतपळत येऊन पोहोचेपर्यंत पहिले कडवे संपले होते.

तो ड्रमवाला मी होतो. मी झोपलेलो नव्हतो. काठ्या काखेत धरून, ताठ, आमच्याच घरासमोर उभा होतो.

वसईच्या आमच्या ख्रिस्ती वाड्यांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी विहिरीवर जाऊन वाजतगाजत पाणी आणायचे आणि त्या पाण्याने नवरीला किंवा नवऱ्याला न्हाऊ घालायचे, अशी रीत आहे. पुढे बँड, मागे कळश्या घेतलेल्या बायका. बँडचाही स्वतःचा एक रिवाज होता, जो कोणी लिहून ठेवलेला नाही, पण जो मोडण्याची कोणाची छाती नव्हती. वाटेत ज्या घरात वर्षाच्या आत मृत्यू झालेला असेल, त्या घराच्या कुंपणाशी बँड थांबायचा. वाद्ये खाली यायची, ड्रमवाला काठ्या काखेत धरायचा, बायकांचे हसणे थांबायचे आणि ते अंगण ओलांडेपर्यंत सारी मिरवणूक पावलांच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज न करता चालायची. आमच्याकडे बँड वाजता वाजता अचानक गप्प झाला की घराघरांतली माणसे कपाळावर क्रूस काढत. अर्थ एकच होता.

माझे थोरले बंधू, दादा, त्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. वहिनी विषमज्वराने गेल्या तेव्हा त्यांचा मुलगा अजून रांगत होता. दादांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवले आणि वर्ष सरेपर्यंत पेटी उघडणार नाही असे सांगितले. मी मात्र वहिनींच्या महिन्याच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, बँडमध्ये परत गेलो, कारण वडिलांनी तशी आज्ञा केली. बँडला दुसरा ड्रमवाला नव्हता आणि आपल्या दुःखापायी दुसऱ्याचे लग्न अडवू नये, असे त्यांचे मत होते. ‘वहिनी गेल्यावर तो पिऊ लागला’ ही जी पुस्ती तिसऱ्या कथेला जोडली जाते, तिचे मूळ इतकेच, की दुखवट्याच्या घरातला माणूस बँडमध्ये दिसला.

आता गाण्याविषयी. बोटीवाल्या शेजाऱ्यांनी अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरातून एक रेकॉर्ड आणली होती. तिकडच्या खेड्यापाड्यांतले, गुरांमागे घोड्यावरून हिंडणाऱ्या लोकांचे गाणे. त्याला कंट्री म्युझिक म्हणतात, हे मला पुष्कळ नंतर कळले. एक गिटार आणि नाकातून गाणारा एक पुरुष, बस. शब्द आम्हांला कळत नव्हते. शेजाऱ्यांनी अर्थ सांगितला तो असा, की एक माणूस कित्येक वर्षांनी घरी परततो, खिडकीत दिवा पाहतो आणि दार ठोठावायचे धाडस न होऊन अंगणातच उभा राहतो. वहिनींना या गाण्याचे वेड लागले. पानवेलींना पाणी देऊन झाले की त्या शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन म्हणायच्या, “तो दारातला मानूस लावा ना, काका!” आणि रेकॉर्ड संपली की दरवेळी तीच विचारणा, “मग आत गेला का नाय तो?” शेजारी म्हणायचे, “पुढच्या फेरीला विचारून येतो.” दादांनी ती चाल क्लॅरिनेटवर बसवली, ती वहिनींसाठी. बँडमध्ये ती तोवर कधीही वाजलेली नव्हती.

वहिनींना जाऊन सहा-सात महिने झाले असतील. शेजारच्या आळीत लग्न निघाले आणि विहिरीवरून परतण्याची वाट आमच्या घरावरून होती. आम्ही कुंपणाशी थांबलो. काठ्या मी काखेत धरल्या. आमच्या दारावर काळी फीत अजून तशीच होती. चार पावले टाकली असतील-नसतील, तोच आतल्या खोलीतून क्लॅरिनेट ऐकू आले. तीच चाल, अगदी सावकाश. मिरवणूक जागच्या जागी उभी राहिली. कळश्या डोक्यावर घेतलेल्या बायका रडू लागल्या आणि कळश्यांतले पाणी हिंदकळून त्यांच्या खांद्यांवर सांडले. एक कडवे पूर्ण झाले. तेव्हा वडील दारात आले आणि त्यांनी माझ्याकडे पाहून हात वर केला: वाजवा. मी काठ्या काढल्या. दुसऱ्या कडव्याला ड्रम आला.

पुढे बायकांनीच त्या चालीला शब्द घातले, “पानी आनलं दारी, दार उघड गो बाय”, आणि गाणे गावोगावी गेले. पण पहिले कडवे क्लॅरिनेटचे एकट्याचे, हा नियम आमच्या बँडने शेवटपर्यंत पाळला. दुखवट्याच्या घराने लग्नाच्या घराला दिलेली ती परवानगी आहे. परवानगी मिळण्यापूर्वी ड्रम वाजत नाही. हा या गाण्याचा इतिहास आहे आणि दुसरा इतिहास नाही.

नव्वदच्या दशकात कॅसेट निघाली. काढणारा आमच्याच गावचा. वालीवला प्लॅस्टिकच्या डब्यांचा कारखाना चालवायचा आणि हौसेने गायचा. गळा चांगला होता, हे मी नाकारत नाही. पण कॅसेटवर गाण्याची सुरुवातच धडाधड ड्रमने होत होती आणि तोही माणसाने वाजवलेला नव्हे, यंत्राने. वेष्टनावर छापले होते ‘पारंपरिक’. वर प्रकाशनाच्या कार्यक्रमात या गृहस्थाने तिन्ही कथा एकापाठोपाठ सांगून टाळ्या घेतल्या. दुसऱ्याच दिवशी मी रिक्षाने वालीवला गेलो. यंत्रांच्या गोंगाटात आम्हां दोघांनाही ओरडून बोलावे लागले.

“पारंपरिक कोणी लिहिलं?”

“काका, पारंपरिक म्हणजे सगळ्यांचं. दादांचंही आलंच की त्यात!”

“सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही. आणि पहिल्या कडव्याला ड्रम कशाला घातलास?”

“नाही घातला तर लोक कॅसेट खराब निघाली म्हणून परत आणतात. खरंच आणल्या हो दोघांनी.”

“आणि माझ्या दारूचा किस्सा?”

“लोक हसतात, काका. तुम्हांला नाही हसत, किश्श्याला हसतात.”

“त्या किश्श्यात माझ्याशिवाय दुसरं आहे कोण?”

यावर तो ओशाळला, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, “असं करू या. ज्यांनी वाजवलं त्यांनीच सांगावं. दादांनी टेपवर दोन शब्द बोलावेत. पुढच्या कॅसेटच्या सुरुवातीला ते लावतो, त्यांचं नाव छापतो, आणि पहिलं कडवं नुसत्या क्लॅरिनेटवर घेतो. शब्द देतो तुम्हांला.”

प्रश्न आता फक्त दादांच्या तोंडून दोन वाक्ये वदवण्याचा होता, आणि याहून अवघड काम वसई तालुक्यात नव्हते. दादा अत्यंत अबोल. वहिनींविषयी तर त्यांनी मुलापाशीही कधी शब्द काढला नाही. मी विषय काढला तेव्हा ते केळीची सुकलेली पाने कापत होते.

“काय सांगायचं त्यात? वाजवलं, झालं.”

“का वाजवलंत, ते सांगा.”

“रीड वाळली असेल म्हणून बघत होतो.”

ही चौथी कथा झाली, आणि ती प्रत्यक्ष दादांची असली तरी मी ती मानत नाही. ज्याने वर्षभर पेटी उघडायची नाही असा निर्धार केला, तो बरोबर मिरवणूक दाराशी आली असतानाच रीड, म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडची वेताची पट्टी, तपासायला बसतो, यावर कोण विश्वास ठेवील? मी तसे त्यांना तोंडावर सांगितले. ते हसले. “बरं बाबा, तू म्हणतोस तसं. सण होऊन जाऊ दे, मग बोलू त्याच्या टेपवर.”

सण झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत दादांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली तेव्हा एक शब्द परत आला: “हो.” तेवढाच. भूक लागली का, हो. जेवण झालं का, हो. आज सोमवार का, हो. मंगळवार का, हो. डोळ्यांवरून वाटे की सर्व काही कळते आहे. पण विचारलेले कोणतेही वाक्य त्या एका शब्दावर जाऊन आपटे आणि तिथेच राही.

कारखानदार शब्दाला जागला. टेपरेकॉर्डर घेऊन घरी आला, दादांच्या पाया पडला आणि खुर्ची ओढून समोर बसला. मी मोठ्या आशेने विचारले, “दादा, ते गाणं तुम्ही वहिनींच्या आठवणीनं वाजवलंत ना?”

“हो.”

मी विजयाने पाहुण्याकडे पाहिले. त्याने जरा घुटमळून, अतिशय सौम्य आवाजात विचारले, “दादा, बोटीवाल्या काकांनी रचलं होतं का ते?”

“हो.”

“आणि रीड बघत होतात?”

“हो.”

“ड्रमवाला,” माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, “प्यायलेला होता?”

“हो,” दादा म्हणाले, आणि माझा हात आपल्या डाव्या हातात घेऊन त्यांनी थोपटला.

त्याने टेप बंद केला. म्हणाला, “काका, यातलं कुठलं लावू?” तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आले असते.

त्यानंतरची काही वर्षे मी ज्याला त्याला हा इतिहास सांगत राहिलो. वाड्या विकल्या गेल्या, इमारती आल्या, विहिरीवर लोखंडी जाळी बसली आणि घरोघरी टँकरचे पाणी येऊ लागले. लग्नाचे पाणी मात्र विहिरीचेच लागे, म्हणून तेवढ्यापुरती जाळी उघडत. गाणे सर्वत्र कॅसेटप्रमाणे वाजू लागले, धडाधड ड्रमने. पुतण्याच्या मुलीचे, म्हणजे दादांच्या नातीचे लग्न ठरले तेव्हा मी मनाशी निश्चय केला, की निदान या घरापुढे, दादा जिवंत असताना, ते एकदा तरी जसे होते तसे वाजेल. शब्दांनी सिद्ध होत नाही ते कानांनी सिद्ध होईल. सारा गाव आणि तो कारखानदारही मिरवणुकीत असणार होता.

मी तयारीत कसर ठेवली नाही. दादांच्या क्लॅरिनेटच्या चाव्यांखालचे पॅड मुंबईहून नवे घालून आणले. नव्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा एकच होता. मनवेलपाड्यात राहणारा, मूळचा कोकणातला, दिवसा नोकरी आणि सुट्टीला बँड असा एक भला गृहस्थ. त्याला मी चाल शिकवली आणि आतल्या खोलीत, खिडकीशी बसवला.

“अंकल, सिग्नल काय?”

“बँड थांबला की चार पावलांचा आवाज ऐक आणि सुरू कर. सावकाश.”

“एकदम सावकाश. टेन्शन नका घेऊ.”

बँडमास्तरला सांगितले, की आमच्या कुंपणाशी सर्व वाद्ये थांबव. तो तरुण होता, जुना रिवाज त्याला माहीत नव्हता. “ओके काका” म्हणाला. दादांना स्वच्छ सदरा घालून अंगणात, फाटकाजवळ खुर्चीत बसवले होते. घरात नातीभोवती बायकांची गर्दी होती. त्यांना मी काही सांगितले नाही. इतिहास सांगून ऐकवायचा नव्हता, तो अचानक कानावर पडायला हवा होता.

मिरवणूक विहिरीवरून निघाली. मी बँडच्या बरोबरीने चालत होतो. कुंपण आले. मी हात केला आणि बँड थांबला. ड्रमवाल्याने काठ्या काखेत धरल्या. तेवढे मी त्याला स्वतः शिकवले होते. किती वर्षांनी ती शांतता ऐकली! चार पावले झाली. मी खिडकीकडे कान लावला.

क्लॅरिनेट आले नाही.

आत काय घडले ते मला मागाहून कळले. बँड एकाएकी गप्प झालेला ऐकताच घरातल्या म्हाताऱ्या बायकांनी कपाळावर क्रूस काढले. माझी चुलत बहीण धावत आतल्या खोलीत गेली आणि त्या मनवेलपाड्याच्या गृहस्थाच्या हातातले क्लॅरिनेट तिने धरून खाली केले. “वाजवू नका, भाऊ, वाजवू नका. घरात मानूस गेलं वाटतं.” तो बिचारा परका माणूस. त्याने वाद्य मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली.

आणि बाहेर, फाटकाजवळच्या खुर्चीत, दादा होते. उन्हे उतरत होती, वारा सुटला होता. त्यांना डुलकी लागली होती. हनुवटी छातीवर, डावा हात खुर्चीबाहेर लोंबत.

“अरे, दादा...” मिरवणुकीत कोणीतरी म्हणाले.

“गेले?”

“म्हणून तर बँड थांबला!”

ही कुजबुज कळश्यांच्या रांगेतून मागे मागे गेली आणि रडणे होऊन पुढे परत आली. मी ओरडलो, “जिवंत आहेत! झोपलेत! मी थांबवलाय बँड, मी!” शेजारीण मला धरून म्हणाली, “काका, बसा तुम्ही, पाणी प्या.” भावाच्या मृत्यूने माझे भान सुटले, अशी सर्वांची समजूत झाली. पुतण्या गर्दीत अडकला होता. घरातून नात धावत आली, केसांना तेल, पायांत चप्पल नाही, आणि ओट्यावरच “आजोबा!” म्हणून खाली बसली. दादांपर्यंत पोहोचायला मला वाट मिळेना. बायका तोंडाला पदर लावून फाटकात दाटल्या होत्या. माझ्या आयुष्यात मी एवढे खरे कधी बोललो नसेन, आणि ते एकालाही ऐकू जात नव्हते.

त्या शांततेचा अर्थ त्या गावात एकच होता आणि ती मोडण्याचा उपायही एकच होता. माझ्या बाजूला ड्रमवाला उभा होता. मी त्याच्या काखेतल्या काठ्या ओढून काढल्या आणि ड्रमवर हाणल्या. हात म्हातारे होते, ठेका मात्र तोच आला, तीन मात्रांचा, कारण दुसरे काही त्या क्षणी मला आठवलेच नाही. बँडमास्तरला वाटले हाच इशारा. ट्रम्पेट सुरू झाले. बायकांनी दचकून पदर खाली घेतले. खुर्चीत दादांची मान हळूहळू वर आली, त्यांनी आमच्या सर्वांकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाले, “हो!”

हसण्याचा असा कल्लोळ झाला की गाणे त्यात बुडून गेले. नात आजोबांच्या गळ्यात पडली. कळश्या आत गेल्या. पहिले कडवे ड्रमवर वाजले, आणि ड्रम मी वाजवला.

रात्रीच्या जेवणाला कारखानदार माझ्या शेजारी येऊन बसला. “काका, एक विचारू? रागावू नका. आज तुम्हीच पहिल्यापासून...”

“विचारू नकोस,” मी म्हणालो.

त्याने विचारले नाही. पण गावाला कोण आवरणार? आता पाचवी कथा सुरू झाली आहे. या गाण्याला पहिल्यापासून ड्रम असतो, कारण एका लग्नात म्हाताऱ्या ड्रमवाल्याने मेलेल्या भावाला ड्रम वाजवून उठवले होते. तरुणांना ती फार आवडते. सांगणारे मला ओळखतात. काही जण तर ती माझ्यासमोरच सांगतात आणि शेवटी माझ्याकडे अशा कौतुकाने पाहतात, की प्रतिवाद करायला तोंड उघडत नाही. दारुड्याचा मी एका रात्रीत पराक्रमी झालो. खोटे ते खोटेच, आणि या वेळी त्याला साक्षीदार सगळा गाव आहे.

लग्नानंतरच्या सकाळी मी दादांकडे गेलो. मांडव सोडत होते. क्लॅरिनेट पेटीत परत ठेवायचे राहिले होते, ते त्यांच्या खाटेवर पडले होते. मी खुर्ची जवळ ओढली.

“दादा, पहिल्या कडव्याला ड्रम नव्हता ना?”

“हो,” दादा म्हणाले.

उलट प्रश्न मी विचारला नाही.